मोठे प्रकल्प आणि पर्यावरणाचे निकष : मूसीच्या पाणलोटातून एक विचार

आम्ही राहतो त्या वस्तीचे नाव नल्लकुंटा. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळा आणि ‘कुंटा’ म्हणजे लहानसे तळे. आज नल्लकुंट्यात भाजीबाजार आहे, फीव्हर हॉस्पिटल आहे, शिकवणीवर्गांच्या पाट्या तर दर चार घरांमागे एक आहे. तळे मात्र नाही. शेजारच्या नागमय्या कुंट्याचीही तीच गत. हैदराबादच्या नकाशावर कुंटा, चेरुवु, सागर या शब्दांनी संपणारी किती नावे आहेत, हे विद्यार्थी मित्रांनी एकदा मोजून पाहावे. आणि मग २४ ऑगस्ट २००० हा दिवस ज्यांनी पाहिला आहे अशा आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. त्या वेळी चोवीस तासांत सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस झाला. हुसेनसागराच्या सांडव्याचे पाणी ज्या नाल्याने अशोकनगर, बाग लिंगमपल्ली, नल्लकुंटा, गोलनाका असे वाहत मूसीला मिळते, त्या नाल्याने आपली जुनी हद्द पुन्हा आखून दाखवली. ती हद्द लोकांच्या स्वयंपाकघरांतून गेली होती.

प्रस्तुत लेख त्या एका पुराविषयी नाही. धरण, महामार्ग, विमानतळ, मेट्रो असा एखादा मोठा प्रकल्प आखताना पर्यावरणाचे निकष कसे लावायचे, ते इतर निकषांशी तोलायचे की तराजूत घालायचेच नाहीत, हा लेखाचा विषय आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, अभियंता नव्हे. तरीही हा प्रश्न माझ्या विषयाच्या अंगणातला आहे, कारण ‘तोलणे’ हा शब्दच आमचा. उदाहरण म्हणून मूसी घेतली, कारण तिच्या काठी या प्रश्नाची शंभर वर्षांची नोंद आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसी शहरात शिरली. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस पडला होता. सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे मानले जाते. अफझलगंजच्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले, ती चिंच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आजही दाखवतात. निजाम सरकारने या आपत्तीनंतर सल्ला देण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक त्यांना आपले मानतात ते योग्यच आहे. परंतु मराठी विभागाचाही त्यांच्यावर थोडा हक्क आहे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याला झाले, नोकरी मुंबई इलाख्यात झाली, आणि आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी प्रथम बसवले ते खडकवासल्याला.

१९०९ साली हैदराबादला येऊन त्यांनी जो अभ्यास केला, त्यातील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शहरात पूर का आला, याचे उत्तर त्यांनी शहरात शोधले नाही. ते वर पाणलोट क्षेत्रात गेले. त्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. पिढ्यान् पिढ्या बांधलेले, एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात जाईल अशा उतरत्या साखळीतले. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर कोसळे, तो फुटला की त्याच्या खालच्यावर दुप्पट. मूसीच्या पुलांवर आदळला तो नुसता पाऊस नव्हता. साठवलेले पाणीही त्यात होते.

येथे क्षणभर थांबावे. या ७८८ तलावांपैकी कोणताही एक घेऊन त्याची स्वतंत्र तपासणी केली असती, तर काय निष्कर्ष निघाला असता? तलाव उपयुक्त आहे, शेते भिजतात, विहिरींना पाणी राहते, धोका फारसा नाही. हा निष्कर्ष प्रत्येक तलावाबाबत कदाचित बरोबरच ठरला असता. एकेकट्या तलावाच्या तपासणीत साखळीचा धोका दिसतच नाही. मोजमापाचे एकक चुकले की सर्व मोजमापे अचूक असूनही उत्तर चुकते. पर्यावरणाच्या निकषांत पहिला निकष म्हणून मी हाच धरतो. भूखंड हे एकक नव्हे, प्रकल्पाची हद्द हेही एकक नव्हे. पाण्याच्या बाबतीत एकक म्हणजे पाणलोट.

विश्वेश्वरय्यांनी सुचवलेला उपायही त्याच विचारातून आला. शहरात नदीकाठी भिंती उंच करणे हा एक मार्ग होता. त्यांचा मुख्य भर मात्र पुराचे पाणी शहराच्या वर अडवून धरण्यावर होता. त्यातून मूसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. दोहोंचे पाणलोट मिळून सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर. या जलाशयांचे पाणी पुढे शहराने अनेक दशके प्यायले, आणि ‘गंडीपेटचे पाणी प्यायलेला माणूस’ ही हैदराबादी माणसाची ओळख झाली. मात्र या धरणांच्या मागे पहिली प्रेरणा पुराची होती, हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता आजची पद्धत पाहू. मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरणावरील परिणाम आधी तपासून लिहून काढले पाहिजेत, अशी कायदेशीर सक्ती प्रथम अमेरिकेने १९६९ च्या कायद्याने केली. आपल्याकडे १९७६-७७ च्या सुमारास योजना आयोगाने विज्ञान व तंत्रज्ञान विभागाला नदीखोरे प्रकल्प या दृष्टीने पाहण्यास सांगितले. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पहिली अधिसूचना निघाली आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी तिच्या जागी दुसरी आली. प्रकल्पाला अहवाल लागतो की नाही हे ठरवणे, अहवालात काय तपासायचे ते ठरवणे, जनसुनावणी आणि शेवटी तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन, अशा तिच्या पायऱ्या आहेत. जनसुनावणीची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध ठेवावा लागतो. आपल्या किती विद्यार्थ्यांनी असा सारांश हातात धरला आहे, हे विचारण्याचे धाडस मी वर्गात करत नाही.

अहवालात तोलण्याचे काम कसे होते? १९७१ साली लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठे कोष्टक सुचवले. आडव्या बाजूला प्रकल्पातील १०० कृती, उभ्या बाजूला पर्यावरणाचे ८८ घटक. प्रत्येक चौकोनात दोन आकडे: परिणाम केवढा मोठा आणि तो कितपत महत्त्वाचा, दोन्ही एक ते दहाच्या मापाने. म्हणजे ८,८०० चौकोन झाले! दोनच वर्षांनी दुसऱ्या एका पद्धतीने ७८ घटक घेऊन त्यांत एकूण १,००० गुण आधीच वाटून ठेवले आणि प्रकल्पामुळे किती गुण वाढतात वा घटतात ते मोजले. या पद्धतींची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यांचा उपकारही मोठा आहे. त्यापूर्वी ज्या गोष्टींचा उल्लेखही होत नसे त्यांना निदान एकेक चौकोन मिळाला.

अडचण बेरजेत आहे. बेरीज केली की एका चौकोनातील तोटा दुसऱ्या चौकोनातील लाभाने भरून निघतो. रस्त्याकडेला दहा हजार रोपे लावली, अधिक वीस. तलावात येणारा ओढा बुजला, उणे पंधरा. एकूण अधिक पाच, प्रकल्प मंजूर. परीक्षेच्या भाषेत सांगायचे तर, एकूण सत्तर टक्के गुण मिळवलेला विद्यार्थी एखाद्या अनिवार्य विषयात नापास असेल तर विद्यापीठ त्याला पदवी देत नाही. इतर विषयांत तो कितीही हुशार असो. पर्यावरणाच्या निकषांतही हा भेद करावा लागतो. काही निकष तुलनेचे असतात: धूळ, आवाज, किती झाडे, किती डिझेल. त्यांत देवाणघेवाण करता येते, आणि केलीच पाहिजे; नाहीतर एकही पूल बांधला जाणार नाही. काही निकष मात्र पात्रतेचे असतात. नुकसान परत भरून काढता येण्यासारखे नाही, पर्यायी सोय नाही, आणि फटका ज्यांना बसणार त्यांना लाभात वाटा नाही, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की तो निकष बेरजेत घालू नये. तो आधी तपासावा. त्यात प्रकल्प उतरला तरच पुढचे चौकोन उघडावेत.

आमच्या अर्थशास्त्राने या बेरजेत एक भर घातली आहे, ती सांगणे भाग आहे. खर्च-लाभाच्या हिशेबात भविष्यातील रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा धरतात. दर साल दहा टक्के दराने धरले तर पन्नास वर्षांनंतरच्या शंभर रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत होते सुमारे ८५ पैसे. शंभर वर्षांनंतरच्या शंभर रुपयांना एक पैसाही भरत नाही. गणितात चूक नाही. सात-आठ वर्षांत परतफेड होणाऱ्या यंत्राला ते ठीक लागू पडते. परंतु उस्मानसागर आज शंभर वर्षे ओलांडून काम करीत आहे. १९२० साली बसून हा हिशेब केला असता, तर २०२० च्या पुरात त्याने अडवलेल्या पाण्याचे मोल कागदावर शून्य आले असते. पाणलोटासारख्या गोष्टी या गणिताच्या तावडीत देऊ नयेत, असे मी अर्थशास्त्राचा शिक्षक असूनही म्हणतो. किंबहुना म्हणूनच म्हणतो.

पात्रतेचा निकष प्रत्यक्षात कसा दिसतो, याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. ८ मार्च १९९६ रोजी आंध्र प्रदेश शासनाने आदेश क्रमांक १११ काढला. या दोन जलाशयांच्या दहा किलोमीटर परिसरात प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले, निवासी वसाहती यांना त्याने मनाई केली. पाणलोटातील ८४ गावांत भूखंड पाडायचे झाल्यास साठ टक्के जागा मोकळी ठेवण्याचे बंधन घातले. त्यात कोष्टक नव्हते, बेरीज नव्हती. त्याच सुमारास या परिसरात उभ्या राहू पाहणाऱ्या एका तेल कारखान्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कारखान्याचे म्हणणे असे की आमची प्रक्रिया सुरक्षित आहे. १९९९ आणि २००० च्या निकालांत न्यायालयाने खबरदारीचे तत्त्व मान्य केले. जो बदल करू इच्छितो त्यानेच तो निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करावे, पाणी पिणाऱ्याने नव्हे. आणि शासनाने दिलेली सूटही न्यायालयाने टिकू दिली नाही. प्रत्येक विधीच्या विद्यार्थ्याने ते निकाल वाचावेत, कारण देशभर त्यांचा आधार घेतला जातो.

एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण शासनाने आदेश क्रमांक ६९ काढून १९९६ चे निर्बंध उठवले. त्यामागची दोन कारणे नीट ऐकून घेतली पाहिजेत. पहिले कारण ८४ गावांचे. शेजारच्या कोकापेटची जमीन सोन्याच्या भावाने जाते आणि आपल्या शेतात साधी दुमजली इमारत उठत नाही, हे त्या शेतकऱ्याने किती वर्षे पाहायचे? शहराला शुद्ध पाणी आणि पुरापासून संरक्षण मिळाले, त्याची किंमत गावांनी मोजली, आणि सव्वीस वर्षांत त्यांना त्याचा मोबदला देण्याची व्यवस्था कोणी केली नाही. ही तक्रार मला पूर्णपणे खरी वाटते. पात्रतेचा निकष लावणाऱ्याने त्याचा खर्च कोण उचलतो हे विचारलेच पाहिजे. न विचारल्यास तो निकष एक दिवस मतपेटीत हरतो.

दुसरे कारण असे दिले गेले की शहराला आता कृष्णा-गोदावरीचे पाणी मिळते, या दोन जलाशयांवर ते फारसे अवलंबून नाही. पिण्याच्या पाण्याच्या हिशेबापुरते हे बरोबर आहे. पण मघाशी सांगितलेला क्रम आठवावा. हे जलाशय प्रथम पुरासाठी झाले. पाणलोटात काँक्रीट वाढले की पावसाचे पाणी मुरत नाही, वेगाने आणि एकदम उतरते. जलाशय तितक्याच घनफुटांचा राहतो आणि लोंढा मोठा होतो. नळाला त्याचे पाणी येवो न येवो, काठावरच्या माणसाला त्याची गरज वाढलेलीच असते. निकष रद्द करायचा असेल तर तो ज्या हेतूने लावला त्या हेतूवर तपासून रद्द करावा. दुसऱ्याच हेतूवर तपासून तो निरुपयोगी ठरवणे म्हणजे छत्रीत ऊब नाही म्हणून ती फेकून देणे होय.

यावर कोणी म्हणेल, निर्बंध उठले तरी अधिसूचना आहेच की. प्रत्येक मोठ्या बांधकामाला मंजुरी लागेल. लागेल, पण २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे. त्याखालच्या पन्नास इमारती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तर अहवाल एकाचाही नाही. ही ७८८ तलावांची गोष्ट उलट बाजूने झाली: प्रत्येक बांधकाम निर्दोष, आणि एकत्र येऊन जे होते त्याला जबाबदार कोणीच नाही. शिवाय नदीखोरे प्रकल्प सोडले तर बहुतेक अहवालांसाठी एका ऋतूची निरीक्षणे पुरतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून इतर कोणताही असतो. दख्खनच्या पठारावर फेब्रुवारीत ओढा पाहायला गेलेल्या माणसाला तेथे बहुधा गोटे आणि बाभळी दिसतील. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे मानधन प्रकल्पवालाच देतो, हेही येथे नोंदवून ठेवतो. त्यावर अधिक भाष्याची गरज नसावी.

आणि काही मोठी कामे त्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. रेल्वे नाही, त्यामुळे मेट्रोही नाही. मुंबईत मेट्रो तीनच्या कारशेडसाठी आरेची जागा निवडली गेली. वाद न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्री वृक्षतोड सुरू झाली. दोन हजारांहून अधिक झाडे गेली. त्या वादात झाडे किती, पुन्हा किती लावणार, यावर बरीच शक्ती खर्च झाली, कारण कायद्याने परवानगी लागत होती ती झाडांची. कारशेड येथे की कांजूरमार्गला, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर नकाशावर पहिली रेघ ओढली जाण्यापूर्वी द्यायला हवे होते. मी मेट्रोच्या विरोधात नाही. पेट्रोलचा धूर कमी करणारे दुसरे साधन शहरांजवळ फारसे नाही. आमच्या घराजवळ व्हीएसटीपासून इंदिरा पार्कपर्यंत जो पोलादी पूल २०२३ साली झाला, त्यावरून मीही जातो आणि माझी वीस मिनिटे वाचतात. पण जागा ठरल्यानंतर लावलेले निकष प्रकल्प सुधारत नाहीत. ते फक्त नुकसानभरपाईची यादी तयार करतात.

बाह्य वर्तुळ मार्गाचे पाहा. १५८ किलोमीटरचा, आठ पदरी. रस्त्याचा भराव म्हणजे पाण्याच्या दृष्टीने एक लांबच लांब बांध. त्याखालच्या मोऱ्या किती आणि केवढ्या, यावर वरच्या बाजूच्या तलावांचे भवितव्य ठरते. हिमायतसागराचे दरवाजे उघडले की सांडव्यालगतचा सेवारस्ता बंद करावा लागतो, हे वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात वाचायला मिळते. महात्मा गांधी बसस्थानकाचेही तेच. ते मूसीच्या पात्राला लागून आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दोन्ही जलाशयांतून पाणी सोडल्यावर ते स्थानकात शिरले आणि प्रवाशांना बाहेर काढावे लागले. १९०८ च्या पुराला ११७ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा दोनच दिवस कमी होते.

त्याच महिन्यात, ८ सप्टेंबर २०२५ रोजी, गंडीपेट येथे ७,३६० कोटी रुपयांच्या एका योजनेची पायाभरणी झाली. गोदावरीचे पाणी सिद्दिपेट जिल्ह्यातील मल्लन्नसागरातून हैदराबादला आणायचे, आणि त्यातील अडीच टीएमसी उस्मानसागर व हिमायतसागर यांत सोडून मूसी वाहती ठेवायची. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी नदी अनेक टप्प्यांनी वर उपसून मल्लन्नसागरात आणली आहे. त्या जलाशयासाठीही गावे उठली. म्हणजे २०२२ साली ज्यांच्यावर शहर अवलंबून नाही असे ठरले, तेच जलाशय आता दूरच्या नदीने भरायचे आहेत. मूसी स्वच्छ होणार असेल तर कोणाला नको आहे? गोलनाक्यावरून नाक न दाबता जाता यावे, ही माझीही इच्छा आहे.

परंतु पुरासाठी बांधलेल्या जलाशयात ऐन पावसाळ्यात जागा रिकामी असावी लागते, आणि शोभेसाठी नदी वाहती ठेवायची तर तो भरलेला असावा लागतो. उस्मानसागराची क्षमता ३.९ टीएमसी, हिमायतसागराची सुमारे ३. त्यांत अडीच टीएमसी बाहेरून आणून सोडायचे म्हणजे थोडेथोडके पाणी नव्हे. ते कोणत्या महिन्यात सोडणार आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पातळी किती खाली राखणार, यावर नल्लकुंट्यापासून चादरघाटापर्यंतच्या लोकांचे पुष्कळ काही अवलंबून आहे, कारण मूसी तुडुंब असली की आमच्या नाल्याचे पाणी तिच्यात शिरत नाही, मागे फिरते. उस्मानसागराची पूर्ण पातळी १,७९० फूट आहे. या योजनेचा सविस्तर अहवाल हाती आला की झाडांच्या आणि बागांच्या पानांपूर्वी मी सप्टेंबर महिन्याच्या पातळीचे कोष्टक शोधणार आहे. भूगोल आणि स्थापत्य शाखेच्या ज्या विद्यार्थ्यांना ते वाचण्यात रस असेल त्यांनी जरूर भेटावे. पाणलोटाचे नकाशे माझ्याकडे आहेत, आणि ते पाहण्यासाठी चार डोळे कमी पडतात.